हार्पची कार्यशाळा निवडायची तर आधी नखांचं ठरवा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्लासगोत आल्यावर ३४ तारांचा लीव्हर हार्प (तारेचा सूर अर्ध्या पायरीने चढवणाऱ्या छोट्या कळा असलेला) भाड्याने घेतलाय, लहानपणी हार्मोनियमच्या परीक्षा दिल्यात, नोकरीमुळे दर आठवड्याला शिकवणीला जाणं जमत नाही. मग दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळांवर भागेल का, कोणती शैली धरावी, आणि पुढेमागे त्यावर अभंग वाजेल का? शेवटी जाता जाता विचारलंय, "नखं वाढवू की कापू?" मी तिथूनच सुरू करते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

आजचा स्कॉटिश आणि आयरिश लीव्हर हार्प बोटांच्या मांसल टोकांनी वाजवतात. तारा नायलॉनच्या किंवा आतड्याच्या असतात, नखं बारीक कापलेली लागतात. नख तारेला घासलं की आवाज चिरका येतो. पितळी तारांचा जुना गेलिक (म्हणजे जुन्या स्कॉटलंड-आयर्लंडचा) हार्प याच्या अगदी उलट. तो लांब नखांनी छेडायचा, आणि एकदा छेडलेली तार इतका वेळ घुमत राहते की नको असलेला नाद दुसऱ्या बोटाने थांबवणं हेच निम्मं वादन. तिसरा पॅराग्वेचा हार्प. साधारण ३६ नायलॉनच्या तारा, वजनाला हलका, आणि वाजवायचा नखांनी. एकाच महोत्सवात या तिन्ही कार्यशाळा लागोपाठ असू शकतात, आणि नवखे लोक उत्साहाने तिन्हींत नावं घालतात. तीन दिवसांत तीन वेगळे हात कुणाला बसत नाहीत. तुमच्याकडे आहे तो हार्प मऊ तारांचा असणार, तेव्हा नखं कापा आणि पहिलं वर्षभर तरी त्याच हातावर राहा. बाकीच्या शैलींच्या मैफली ऐका, त्यांच्या वर्गांत बसू नका.

मी हाताबद्दल इतकं का बोलतेय, त्यामागे एक इतिहास आहे. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा एक मेळावा भरला. दहा आयरिश आणि एक वेल्श वादक आले, आणि त्यांच्या चिजा लिहून घ्यायला एडवर्ड बंटिंग नावाचा १९ वर्षांचा ऑर्गनवादक नेमला होता. त्या वादकांत नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन होता. जुन्या पद्धतीने लांब नखांनी पितळी तारा वाजवणारा तिथे तो एकटाच उरला होता. बंटिंगने सुरावटी टिपल्या आणि १७९६, १८०९ आणि १८४० असे तीन संग्रह छापले, पण पियानोसाठी बसवून. सुरावट कागदावर आली, हात आला नाही. १८४० च्या संग्रहात जुन्या वादकांच्या बोटांच्या हालचालींची आणि अलंकारांची आयरिश नावं दिली आहेत, आणि आजचे पितळी तारांचे वादक त्या यादीवरून आणि जुन्या वाद्यांच्या प्रतिकृतींवरून तो हात पुन्हा जुळवायचा प्रयत्न करतात. आयर्लंडमध्ये किल्केनीच्या उन्हाळी वर्गांत हेच चालतं. त्या वाद्यांपैकी एक डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहे (आयर्लंडच्या युरो नाण्यावरचा हार्प तोच), आणि दोन एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात. तुम्हाला आगगाडीने तासाभराचा रस्ता आहे, एखाद्या रविवारी जाऊन बघून या.

म्हणून कार्यशाळेत जाताना "मला चार नव्या चिजा मिळतील" अशी अपेक्षा ठेवू नका. चिजा पुस्तकात मिळतात, यूट्यूबवर मिळतात. तिथे जायचं ते कुणीतरी शेजारी उभं राहून तुमचा अंगठा बघावा म्हणून.

आता हार्मोनियमचं. तुमचा कान तयार आहे ही मोठी जमेची बाजू. स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोकसंगीताच्या कार्यशाळांत बहुतेक वेळा कागद देतच नाहीत, किंवा अगदी शेवटी देतात. शिक्षक एक ओळ वाजवतात, सगळे तीच वाजवतात, मग पुढची ओळ. स्वरलेखन वाचत मोठे झालेले इथले लोक यात घाबरेघुबरे होतात. आपल्याकडे क्लासला बाई म्हणायच्या आणि आपण मागून म्हणायचो, तसंच हे आहे, तुम्हाला परकं वाटणार नाही.

अडचण उजव्या हाताची येईल. हार्मोनियमवर उजवा अंगठा खालच्या सुरांकडे असतो आणि करंगळी वरच्या. हार्पच्या आखूड, उंच सुरांच्या तारा तुमच्या अंगाकडे असतात आणि लांब, खर्जाच्या तारा पलीकडे. त्यामुळे दोन्ही हातांचे अंगठे वरच्या सुरावर येतात. म्हणजे उजव्या हाताची बोटं तुम्हाला उलटी वळवावी लागतील. करंगळी तर वापरतच नाहीत, चारच बोटं. शिवाय हार्मोनियमची पट्टी सोडली की सूर थांबतो. हार्पवर सूर सुरू करणं सोपं, थांबवणं हे काम आहे. खर्जाच्या दोन तारा घुमत राहिल्या की वरची सगळी सुरावट गढूळ होते. नवखा हार्पवादक वाईट ऐकू येतो तो सहसा चुकीच्या तारेमुळे नाही, या न थांबवलेल्या तारांमुळे. कार्यशाळांच्या यादीत "डॅम्पिंग" (घुमणाऱ्या तारा थांबवणं) असा शब्द दिसला की लगेच नाव घाला. विषय रटाळ वाटतो, जागा शिल्लक असतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

हाताची मूळ ठेवण सांगून समजत नाही, तरी लिहून ठेवते. अंगठा वर, बाकीची तीन बोटं खालच्या अंगाला वळलेली, हात पाण्याचा पेला धरल्यासारखा गोल. एक ओळ वाजवायची तर तिला लागणारी बोटं आधीच तारांवर ठेवायची, मग एकेक सोडायचं, आणि सोडलेलं बोट तळव्यात मिटायचं. बोट बाहेर उडालं की आवाज पातळ येतो आणि मनगट दुखायला लागतं. मनगट दुखलं तर थांबा, "रियाज आहे, सोसायचं" असं करू नका. बोटांच्या टोकांना फोड येतील, त्यांची काळजी नको, ते जातात. मनगटाचं दुखणं असं जात नाही.

कुठे जावं? तुमच्या सगळ्यात जवळचा म्हणजे एडिंबरोचा आंतरराष्ट्रीय हार्प महोत्सव, १९८२ पासून इस्टरच्या सुमारास भरतो. तो भरवणारी क्लारसाख सोसायटी (क्लारसाख म्हणजे स्कॉटिश हार्प) १९३१ साली स्थापन झालेली. तिच्या शाखा ठिकठिकाणी आहेत, ग्लासगोलाही आहे, आणि हार्प भाड्याने देण्याचं कामही ती करते. महोत्सवात दोन प्रकार असतात: स्तरानुसार सलग चालणारे वर्ग, आणि एकेका विषयावरच्या सुट्या कार्यशाळा. तुम्ही सलग वर्ग घ्या. पहिल्या दिवशी शिक्षकाने सांगितलेलं दुसऱ्या दिवशी तो तपासतो, खरी किंमत त्याची. सुट्या कार्यशाळेत दीड तासापैकी बराच वेळ पंधरा हार्प सुरात लावण्यातच जातो, हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही.

आयर्लंडला जायची तयारी असेल तर लाउथ परगण्यात टर्मनफेकिनला 'कार्डे ना क्रुते' या संस्थेचं उन्हाळी हार्प शिबिर असतं. आयरिश हार्पवादनाचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला, तेव्हापासून तिकडे उत्साह आहे. पण तुमचा हात अजून कच्चा असताना शैली मिसळू नका. आयरिश शैलीत सुराला बारीक बारीक गिरक्या, तीन सुरांच्या झटपट माळा खूप. स्ट्रॅथस्पे या स्कॉटिश नाचाच्या चालीत आखूड सुरानंतर लांब सूर असा एक झटका असतो, तो न जमता नुसते सूर वाजवले तर इथल्या माणसाला ते स्ट्रॅथस्पे वाटतच नाही. चांगले शिक्षक ही लय आधी पायाने किंवा टाळीने करून घेतात, हार्प बाजूला ठेवून. आपण हाताने ताल देत मोठे झालेले लोक, इथे आपल्याला थोडं सोपं जातं.

(वेल्सचा तिहेरी तारांचा हार्प म्हणजे वेगळंच प्रकरण. तारांच्या तीन रांगा, बाहेरच्या दोन एकाच सुरात, मधल्या रांगेत कोमल-तीव्र, आणि पारंपरिक वादक तो डाव्या खांद्यावर टेकवतात. नान्सी रिचर्ड्स या बाईंनी, १८८८ ते १९७९, ही परंपरा जवळजवळ एकटीने जगवली. शिकायचं नसलं तरी एकदा समोर बसून ऐका.)

पेडल हार्पच्या (वाद्यवृंदातल्या मोठ्या हार्पच्या) कार्यशाळा सध्या सोडा. ४७ तारा, सात पेडलं, प्रत्येकाच्या तीन जागा. सेबास्तियाँ एरारने १८१० मध्ये पेटंट घेतलेली रचना आजही तीच आहे. त्यात पुन्हा फ्रेंच पद्धत आणि साल्झेडो या हार्पवादकाची पद्धत यांचे कोपर कुठे ठेवायचं यावरून वाद आहेत, त्यात पडू नका. एक गंमत मात्र सांगते. एफचं पेडल फ्लॅट (अर्धी पायरी खाली) आणि बीचं शार्प (अर्धी पायरी वर) केलं आणि बाकीची मधल्या जागेवर ठेवली, की एफची तार ई वाजते आणि बीची तार सी. मग सगळ्या तारांवरून हात सरसर फिरवला तरी सी षड्ज धरून शुद्ध भूप निघतो, चुकायची सोयच नाही.

हे लीव्हर हार्पवर जमत नाही, कारण लीव्हरने सूर फक्त अर्ध्या पायरीने वर जातो. पण तुमच्या अभंगाचं जमेल. सगळे लीव्हर खाली, म्हणजे न लावलेले, असताना हार्प ई फ्लॅट मेजरमध्ये लावलेला असेल (बहुतेक ठिकाणी तसाच लावतात), तर सी षड्ज धरून कोमल गंधार, धैवत, निषाद मिळतात, तीव्र मध्यमही मिळतो, पण कोमल रिषभ मिळत नाही. भैरव हवा असेल तर षड्ज ई वर न्या. एफ आणि सीचे लीव्हर खाली, बाकी सगळे वर: झाला भैरव. मींड येणार नाही. कुणी लीव्हर हळूच सरकवून तसा आभास करतात, तो मला फारसा रुचत नाही. त्यापेक्षा ज्या अभंगांची चाल सुरांच्या सरळ पायऱ्यांवर उभी आहे ते घ्या, आणि डाव्या हाताला षड्ज-पंचम द्या, तंबोऱ्याचं काम तिथेच होतं. "हे वाद्य आपलं नाही" असं घरी कुणी म्हणालं तर त्यांना समुद्रगुप्ताचं नाणं दाखवा. त्याच्या मांडीवरची वीणा बाकदार हार्पच आहे. भाजे लेण्यांच्या विहारातल्या शिल्पातही नर्तकीजवळ तशीच एक वादक बसलेली आहे. ब्रह्मदेशात तो प्रकार अजून वाजतो.

दोन-तीन दिवसांत काय मिळतं? खरं सांगायचं तर एक दुरुस्ती. अंगठा खाली पडतोय, किंवा डावं कोपर अंगाला चिकटलंय, असं काहीतरी. ती दुरुस्ती घरी आणून रोज थोडा वेळ, साध्या पलट्यांवर, नव्या चिजेवर नाही, पुढच्या कार्यशाळेपर्यंत घोटायची. असं करणाऱ्याला वर्षाला दोन-तीन कार्यशाळा पुरतात. मध्ये एखादा ऑनलाइन धडा घेतलात तर उत्तम, पण कॅमेरा डाव्या बाजूने लावा.

वर्गात बसायच्या जागेचंही तेच. हार्प उजव्या खांद्यावर टेकलेला असतो, समोरून बघितलं तर तारांच्या पलीकडचं काही कळत नाही. शिक्षकाचा डावा हात बघायचा असेल तर त्यांच्या डाव्या बाजूला जागा धरा, ती लवकर भरते. थंडीतून गरम खोलीत आणलेला हार्प सूर सोडतो, म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि चिमट्याचा ट्यूनर जवळ ठेवा. पंधरा हार्प एकदम लावले जात असताना कानाने लावणं अशक्य. सीच्या तारा लाल आणि एफच्या काळ्या असतात, त्या तुटल्या तर म्हणून तशा सुट्या तारा बरोबर असू द्या. शेवटी परवानगी विचारून शिक्षकाच्या हातांचा, चेहऱ्याचा नव्हे, छोटा व्हिडिओ घ्या. आणि नावनोंदणीत "बिगिनर" लिहिलं असेल तर नीट विचारा: काही ठिकाणी त्याचा अर्थ हार्पला कधीच हात न लावलेले असा असतो, काही ठिकाणी वर्षभर वाजवलेले.

तुमच्या हार्पच्या तारा नायलॉनच्या आहेत की आतड्याच्या, आणि लीव्हर सगळ्या तारांना आहेत की फक्त काहींना, ते लिहा. काहींनाच असतील तर वरचं भैरवाचं गणित बदलतं.