बाहेरचा ॲक्चुअरी म्हणून पहिले काम घेताना

विमा कंपनीकडे स्वतःचे ॲक्चुअरी (विम्यातली जोखीम आणि दाव्यांचा खर्च गणिताने मोजणारे तज्ज्ञ) असतानाही बाहेरचा सल्लागार नेमला जातो, तो बहुधा दाव्यांसाठीची तरतूद पुरेशी आहे का, हे तटस्थपणे तपासण्यासाठी. म्हणून मॉडेल उघडण्याआधी दाव्यांची आकडेवारी हिशेबाशी जुळवून घ्या. घडलेल्या पण अद्याप न कळवलेल्या दाव्यांचा अंदाज आपण बऱ्याचदा आतापर्यंत दिलेल्या रकमांच्या त्रिकोणी तक्त्यावरून (एका बाजूला दाव्याचे वर्ष, दुसऱ्या बाजूला त्यानंतर लोटलेली वर्षे) बांधतो, आणि दावे निकाली काढण्याचा वेग अलीकडे वाढला असेल, तर चेन लॅडर पद्धत (आधीच्या वर्षांत रकमा ज्या प्रमाणात वाढत गेल्या, तशाच पुढेही वाढतील असे धरणारी) तरतूद फुगवून दाखवते. वेग वाढला आहे का, हे तक्ता सांगत नाही. दावे विभागातली माणसे सांगतात (मी हे विचारायला एकदा विसरलो होतो). व्यवस्थापनाने आकडा कमी करण्याचा आग्रह धरल्यास, गृहीतक बदलण्याचे कारण लेखी मागा.