करारावर सही करण्याआधी गुडघ्याचं बघ

कबड्डी लीगचा करार आला, अभिनंदन! पण आकडा बघून लगेच सही ठोकू नकोस. त्यात तुला कर्मचारी म्हटलंय की स्वतंत्र कंत्राटदार, ते आधी शोध. कंत्राटदार असशील तर कामगारांची नुकसानभरपाई आपोआप मिळेल असं धरू नकोस. मग करारातली कलमंच तुझा आधार.

कबड्डीत पाय अडकून एसीएल (गुडघ्याचा सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध) तुटलं, की ऑपरेशननंतर मॅटवर परतायला साधारण नऊ महिने लागतात. म्हणजे हंगाम गेलाच. म्हणून थेट विचार: ऑपरेशनचा खर्च कोणाचा? हंगाम संपल्यावर फिजिओचे पैसे कोण देणार? उरलेलं मानधन मिळणार की कापणार? सराव शिबिरात लागलं तरी हेच लागू का? उत्तरं लेखी हवीत.

घरची मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. व्यावसायिक म्हणून धोकादायक खेळ खेळताना झालेली इजा पॉलिसीत सहसा वगळलेली असते. कबड्डी त्यात धरतात का, हे कंपनीकडून ईमेलवर घे. एजंटचं 'होतंय हो, काळजी नको' क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

लागलं की त्याच दिवशी संघाच्या डॉक्टरकडून नोंद करून घे. पट्टी बांधून पुढच्या चढाईला जायची आपल्याकडची मर्दुमकी नंतर नडते, कारण कागदावर दुखापतच नसते. एमआरआयची प्रत स्वतःकडेही ठेव.

अगदीच हलाखी आली तर केंद्र सरकारचा पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय खेळाडू कल्याण निधी आहे. पण तो अर्ज करून मिळणारी मदत आहे, हक्काची भरपाई नव्हे.