दीर्घिकेचे ‘परिवलन’ की ‘परिभ्रमण’?

प्रश्न एका पुणेकर पालकांच्या पत्रातला आहे. विज्ञानदिनाला खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला गेले असताना ‘इथे दीर्घिकांचे परिवलन मोजतात’ असे त्यांच्या कानावर पडले. घरी मुलीच्या भूगोलात मात्र परिवलन म्हणजे स्वतःभोवती फिरणे आणि परिभ्रमण म्हणजे दुसऱ्याभोवती. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह; तिच्यातले तारे तर केंद्राभोवती फिरतात, मग तिथे ‘परिभ्रमण’ नको का? आणि इतक्या लांबून हे मोजतात तरी कसे?

निकाल आधीच सांगून टाकतो. दीर्घिकेचे परिवलन, ताऱ्याचे परिभ्रमण. वाक्यात फिरणारे कोण, यावर शब्द ठरतो. सूर्य आकाशगंगेच्या, म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या, केंद्राभोवती सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने परिभ्रमण करतो आणि एका फेरीला त्याला साधारण २२ ते २५ कोटी वर्षे लागतात. अशा अब्जावधी ताऱ्यांचे परिभ्रमण एकत्र धरले की त्याला आकाशगंगेचे परिवलन म्हणायचे.

व्युत्पत्तीची साक्ष काढायला जाल तर फसाल. ‘वल्’ म्हणजे वळणे, म्हणून परिवलन स्वतःभोवती, हे ठीक. पण ‘भ्रम्’च्या घराण्यात भोवरा आहे, भोवळही आहे, आणि भोवरा तर स्वतःभोवतीच फिरतो! तेव्हा हा भेद धातूतून आलेला नाही, शास्त्राच्या सोयीसाठी ठरवून घेतलेला आहे. सोय चांगली आहे, पाळावी.

दीर्घिकेपाशी मात्र ती थोडी ताणली जाते. ‘परिवलन’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते एकसंध वस्तूचे फिरणे. जात्याचा वरचा दगड फिरतो तेव्हा खुंट्याजवळचा बिंदू सावकाश आणि कडेचा वेगाने जातो, पण दोघांची फेरी एकाच वेळी पूर्ण होते. दीर्घिका अशी फिरत नाही. केंद्राजवळच्या काही भागात वेग अंतराबरोबर वाढतो, पण पुढे तो जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे बाहेरच्या ताऱ्यांची फेरी लांबत जाते. हे ‘विभेदी परिवलन’. शब्द कोरडा आहे, पण नेमका आहे.

आता मोजण्याकडे. दीर्घिका फिरताना कोणी ‘बघत’ बसत नाही. वेग कळतो तो वर्णरेषेच्या सरकण्यावरून. प्रकाश रंगांत फाकवला की प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेल्या जागी रेषा दिसते, ती वर्णरेषा. प्रकाशाचा उद्गम जवळ येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. दृश्य प्रकाशात हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा फार कामाची. प्रकाश असा फाकवणाऱ्या वर्णपटमापकाची फट दीर्घिकेच्या लांबट अक्षावर ठेवली की ती रेषा सरळ न येता तिरकी येते, कारण एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी मागे जात असते. खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी १९१४ मध्ये सॉम्ब्रेरो दीर्घिकेत हा तिरकेपणा टिपला. तेव्हा तिला दीर्घिका नव्हे, तेजोमेघ म्हणत. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी (अँड्रोमेडा) या दीर्घिकेतल्या ६७ आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित झालेल्या, वायुप्रदेशांचे वेग मोजले.

देवयानीत एक गंमत आहे. ती अख्खीच सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने आपल्याकडे येते आहे. म्हणून तिची एक बाजू सुमारे साडेपाचशेच्या वेगाने जवळ येताना दिसते आणि दुसरी पन्नास-साठच्या. दोन्ही बाजू निळ्याकडेच सरकलेल्या! परिवलन कळते ते दोन्हींमधल्या फरकावरून. ‘एक कड लाल, दुसरी निळी’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रेडिओत रेषा बदलते, तत्त्व तेच. उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा, म्हणजे १४२०.४ मेगाहर्ट्झ. व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये तिचे भाकीत केले, १९५१ मध्ये ती सापडली. वायू सेकंदाला २०० किलोमीटरने दूर जात असेल, तर ही वारंवारता जवळजवळ एका मेगाहर्ट्झने, किंचित कमीने, खाली उतरते. दृश्य प्रकाशातली रेषा तेवढ्याच वेगाला अर्धा नॅनोमीटरही हलत नाही. हायड्रोजन वायू बहुधा ताऱ्यांच्या तबकडीच्या बराच बाहेर पसरलेला असतो, म्हणून कडेचा वेग रेडिओतून आणि आतला बारकावा दृश्य प्रकाशातून घेऊन केंद्रापासूनचे अंतर आणि वेग यांचा आलेख जोडतात. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यातल्या मधल्या चौकातल्या १४ जवळजवळच्या अँटेना पसरट वायू पकडतात, आणि तीन शाखांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या बाकीच्या बारकावे देतात.

दोन्ही पद्धतींत हाती येतो तो फक्त आपल्या दिशेचा वेग. म्हणून दीर्घिका किती कललेली दिसते ते काढून हिशेब दुरुस्त करावा लागतो, आणि अगदी समोरून, थाळीसारखी दिसणारी दीर्घिका या कामी जवळपास निरुपयोगी ठरते.

या आलेखाला ‘परिवलन वक्र’ म्हणतात आणि लगेच पुढे ‘हा वक्र सपाट असतो’ असेही लिहितात. सपाट वक्र! मी तरी ‘परिवलनवेगाचा आलेख’ म्हणेन. मुद्दा तसा मोठा आहे. सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटरने धावतो आणि नेपच्यून साडेपाचनेही नाही, कारण लांब गेले की सूर्याची ओढ कमी होते. दीर्घिकेत मात्र तारे संपले तरी वायूचा वेग उतरत नाही. म्हणजे तिथे ओढणारे आणखी काही असले पाहिजे; न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा मोठा पुरावा तो हाच.

वर्तमानपत्रांत ‘रेडिओ दुर्बिणीने अवकाशातला आवाज ऐकला’ असे येते, ते मात्र साफ चूक. रेडिओ लहर ही प्रकाशाचीच भावंड, ध्वनीची नव्हे. ‘संकेत टिपला’ म्हणा.

राहता राहिले तुम्ही पत्रात एके ठिकाणी दीर्घिकांसाठी लिहिलेले ‘आकाशगंगांचे परिवलन’. बोलण्यात चालते, पण आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचे नाव आहे. ‘आकाशगंगा आणि देवयानी या दोन आकाशगंगा’ असे वाक्य मुलीच्या वहीत आले, तर बाईंनी लाल रेघ मारली म्हणून रागावू नका.