ग्रँड केमनला पाकटं बघायला जाताय? आधी बोट कुणाची ते विचारा

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचाच जुना घोळ कुणीतरी परत टाइप केलाय की काय असं वाटलं. डिसेंबरात टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून क्रूझ जहाज, कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर एकच दिवस, बरोबर सासू-सासरे आणि सहा वर्षांचा मुलगा, पोहता कुणालाच धड येत नाही. जहाजाची टूर महाग वाटतेय आणि बाहेर एका साइटवर ‘स्मॉल ग्रुप’ची टूर, पाकटं (स्टिंगरे मासे) बघणं आणि स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघणं), बऱ्याच कमी पैशांत दिसतेय, तर कोणती घ्यावी? त्यात सासूबाई मूळच्या गिरगावच्या, पाकटांचं नाव काढलं की लांबूनच हात जोडतात.

व्हिसा, मल्टिपल एंट्री, औषधं वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. मी टूरवाली नाही, मला कुणाकडून कमिशन नाही. दर आणि नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी स्वतः खात्री करा.

माझं मत विचाराल तर छोटी बोटच घ्या, पण ती बोट ज्याची आहे त्याच्याकडूनच घ्या. मधल्या दुकानातून नको. आमचं सगळं तिथेच फसलं.

आई-बाबा इकडे अमेरिकेत आले होते तेव्हाची गोष्ट. आम्हीही अशाच एका साइटवरून बुकिंग केलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण त्याच धाटणीच्या डझनभर साइट्स आहेत. फोटोत पांढरी छोटी बोट, सात-आठ माणसं, निळंशार पाणी. पावतीवर ‘स्मॉल ग्रुप’ ठळक अक्षरांत. जॉर्ज टाउनच्या, म्हणजे केमनच्या बंदराच्या, धक्क्यावर छोट्या बोटीने उतरलो तर क्लिपबोर्ड घेतलेला एक पोरगा आमची नावं शोधतोय. त्याच्या यादीला पानंच संपेनात. मनगटावर हिरव्या कागदी पट्ट्या बांधल्या आणि बसमध्ये बसवलं. बस भरली. मग दुसरी बस भरली. नॉर्थ साउंडच्या, म्हणजे बेटाच्या उत्तरेकडच्या उथळ खाडीच्या, जेट्टीवर पोचलो तर समोर दुमजली बोट आणि वर गाणी लागलेली!

मी त्या पोराला पावती दाखवली. तो बिचारा म्हणाला, मॅडम, माझ्याकडे फक्त नावं येतात. खरंच होतं त्याचं. साइट एका एजन्सीला गिऱ्हाईक विकते, एजन्सी तिथल्या स्थानिक माणसाला, आणि तो ज्या बोटीत जागा असेल त्या बोटीत ढकलतो. परतीच्या वाटेवर खलाशाशी बोलताना कळलं की आम्ही भरलेल्या पैशातले निम्मेसुद्धा बोटीपर्यंत पोचत नाहीत.

गर्दीचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. राग आला तो शिडीचा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि बोटीची शिडी जवळजवळ सरळ उभी, पायऱ्या म्हणजे नुसत्या गोल नळ्या, शेवटची पायरी पाण्याच्या जेमतेम खाली. चाळीसच्या वर माणसं त्या एका शिडीवरून उतरणार. बाबा सगळ्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ करत मागेच थांबले. पाण्यात एकच गाइड, तोही एक पाकट पाण्याबाहेर उचलून लोकांचे फोटो काढण्यात गुंग. (हे तिथे कायद्याने बंद आहे, तरी चालतं. असं करणाऱ्या बोटीला मी तरी पैसे देणार नाही.) शेवटी बाबा धरत धरत उतरले, वाळूवर पाय टेकले आणि परत चढायची शिट्टी झाली. तिकडे मला काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, ‘पाणी कोमट होतं हो छान.’

परत आल्यावर त्या साइटच्या ऑफिसशी पत्रव्यवहार सुरू केला. पहिलं उत्तर: बोट कोणती हे आमचे स्थानिक भागीदार ठरवतात. दुसरं: भागीदारांशी संपर्क केला आहे, सात दिवस द्या. तिसऱ्यात तर कमालच. म्हणे त्या बोटीची क्षमता याहून बरीच जास्त आहे, त्या मानाने तुमचा ग्रुप छोटाच होता! मी ते वाक्य नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. कार्ड कंपनीकडे तक्रार केली तर साइटवाल्यांनी अटींचं पान पुढे केलं. त्यात ‘फोटो केवळ संदर्भासाठी’ असं लिहिलेलं. शेवटी मेहेरबानी म्हणून एक कूपन पाठवलं, त्याच टूरवर सवलत, एका वर्षाच्या आत वापरायचं. केमनला काय आम्ही दर श्रावणात सत्यनारायणासारखे जातो?

असो. आता कामाचं.

पुढे बहिणीच्या कुटुंबाबरोबर परत योग आला तेव्हा मी बोटवाल्यांनाच थेट मेल टाकले आणि अगदी खडूसपणे विचारलं: बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं घेता? (‘एका गाइडमागे किती’ हे उत्तर चालणार नाही, बोटीवर एकूण किती ते हवं.) बोट तुमचीच का? शिडीचा फोटो पाठवाल का? पाण्यात तुमची किती माणसं उतरतात? जहाज आलंच नाही तर पूर्ण पैसे परत का? ज्यांनी शिडीचा फोटो पाठवला त्यांच्याकडे बुकिंग केलं. खरं सांगते, एवढी एक चाळणी पुरते. मधल्या दुकानांकडे शिडीचा फोटो नसतोच.

जहाज न येण्याचा मुद्दा डिसेंबरात फार महत्त्वाचा आहे. ग्रँड केमनला क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि टेंडर, म्हणजे छोट्या बोटी, माणसांना किनाऱ्यावर नेतात. धक्का बांधावा का यावर २०२५च्या एप्रिलमध्ये तिथे जनमत घेतलं, लोकांनी नको म्हणून सांगितलं, त्यामुळे इतक्यात काही बदलत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की वायव्येचा वारा सुटतो आणि जॉर्ज टाउन पडलं पश्चिम किनाऱ्यावर, तिथे लाटा उसळतात. मग जहाज दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स नावाच्या जागी जातं, नाहीतर केमन चक्क गाळून पुढे निघतं. जहाजाची टूर असेल तर पैसे आपोआप परत येतात. बाहेरची असेल तर लेखी घ्या.

टेंडरच्या रांगेत जहाजाच्या टूरवाल्यांना आधी सोडतात. तुम्ही बाहेरचं बुकिंग केलंत तर सकाळी लवकर टेंडरचं तिकीट घेऊन बसा आणि टूरची वेळ जहाज पोचल्यानंतर किमान दीड-दोन तासांनी ठेवा.

आणि घड्याळ! केमनचं घड्याळ वर्षभर एकच, पुढे-मागे करत नाहीत. गॅल्व्हस्टनची वेळ हिवाळ्यात केमनच्या एक तास मागे असते, आणि जहाज बहुतेक वेळा स्वतःचीच वेळ धरून चालतं. फोन मात्र किनाऱ्यावर जाताच आपोआप केमनची वेळ दाखवायला लागतो. म्हणजे बोटवाला नऊ म्हणाला तर जहाजावर तेव्हा आठच वाजलेले असतील. आमच्या शेजारच्या टेबलावरचं एक कुटुंब या हिशोबात टूर चुकवून दिवसभर दुकानं बघत बसलं होतं. हातात साधं घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेवर लावलेलं, आणि मेलमध्ये ‘जहाजाची वेळ की स्थानिक?’ एवढं विचाराच.

आता सासूबाई. त्यांची भीती उगाच नाही. २०१३च्या सप्टेंबरात दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी जणांना दंश केला होता. पण तिथे काय झालं बघा: गढूळ पाणी, रात्रीची गर्दी, आणि वाळूत बसलेल्या पाकटावर पाय पडलेला. पाकट काटा मारतं ते बचावासाठी, पाय पडला की शेपूट वर येते. केमनला पाकटं बघायला नेतात त्या नॉर्थ साउंडमधल्या वाळूच्या पट्ट्यावर पाणी काचेसारखं, कमरेएवढं, तीन-चार फूट. कोळी पूर्वी रीफच्या (प्रवाळाच्या रांगेच्या) आतल्या शांत पाण्यात येऊन मासे साफ करायचे आणि आतडी तिथेच टाकायचे, म्हणून पाकटं जमायला लागली. १९८०च्या दशकात डायव्हिंग करणाऱ्यांनी हाताने भरवायला सुरुवात केली आणि मग हा सगळा बाजार उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या माणसांना सरावलेली आहेत ती. तरी काटे काढलेले नसतात, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून घासत सरकवायचा. तेवढं केलं की ती स्वतःच बाजूला होतात. पायात काही घालून उतरू देत नाहीत, त्यामुळे नवे वॉटर शूज त्यासाठी घेऊ नका. चुकून काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवतात आणि डॉक्टरला दाखवतात. मी डॉक्टर नाही, बोटीवरच्या माणसाचं ऐका.

पाकट पहिल्यांदा पोटरीला घासून जातं तेव्हा सगळेच किंचाळतात. वरून राखाडी, अंगाला बुळबुळीत, भिजल्या मखमलीवरून हात फिरावा तसं. पोट पांढरंफेक आणि तोंड खालच्या बाजूला. मोठ्या असतात त्या माद्या, पंखांची रुंदी पाच फुटांपर्यंत जाते. खायला स्क्विड देतात, म्हणजे आपलं म्हाकूल. मुठीत धरायचं, अंगठा आत. पाकट वरून येतं आणि सर्रकन ओढून घेतं. दात टोचत नाहीत पण ओढ जबरदस्त, भाच्याच्या दंडावर एक लाल चट्टा उठला होता. सासूबाई शाकाहारी असतील, म्हाकुलाला हात लावायचा नसेल तर सरळ सांगा, गाइड भरवतो, त्यांनी नुसतं पाठीवरून हात फिरवावा. मुलाला लाइफ जॅकेट घालाच, तुमच्या कमरेएवढं पाणी त्याच्या गळ्याशी येणार.

टूर बहुतेक तीन थांब्यांची असते: वाळूचा पट्टा, कोरल गार्डन्स (प्रवाळ बघायची जागा) आणि बॅरियर रीफ किंवा स्टारफिश पॉइंट. बॅरियर रीफवर लाटा जास्त, पोहता येत नसेल तर गाळा. माझ्या मते सासू-सासऱ्यांसाठी वाळूचा पट्टा आणि स्टारफिश पॉइंट पुरे. तिथे गुडघाभर पाण्यात तारामासे दिसतात, फक्त पाण्याबाहेर काढायचे नाहीत. कोरल गार्डन्सला तुम्ही दोघांनी आळीपाळीने उतरावं, एकाने बोटीवर मुलाजवळ. छोट्या बोटीचा कप्तान क्रम बदलतो हा सगळ्यात मोठा फायदा. मोठ्या कॅटामरान (जोड-तळाच्या बोटी) वाळूच्या पट्ट्यावर असल्या की तो आधी कोरलला नेतो. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते वेळापत्रक आधीच बघता येतं. पाच-सहा असतील तर सकाळची पहिलीच फेरी घ्या.

स्नॉर्कलिंगचं थोडंसं. मास्क स्वतःचा न्या. चष्मा असेल तर नंबरचे तयार मास्क मिळतात, नाहीतर सगळं रीफ धुरकट. चेहराभर झाकणारे मास्क मला आवडत नाहीत, पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाहीत. सासऱ्यांना मिशा असतील तर मास्क हमखास गळणार, मिशीवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, ते दर मिनिटाला मास्क उपडा करत होते. काचेला आतून बेबी शॅम्पूचा थेंब चोळून खळखळून घेतला की वाफ धरत नाही. आणि जायच्या आधी जवळच्या स्विमिंग पूलमध्ये कडेला धरून नुसतं तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घ्यायची सवय करा. बोटीवर पहिल्यांदा शिकायला गेलात तर वेळ त्यातच जातो.

पाठ आणि पोटऱ्या झाकणारे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सनस्क्रीन कमी लागतं, प्रवाळालाही बरं.

जहाजाच्या टूरचा एक फायदा मात्र मान्य करते: उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरच्यासाठी ते थांबत नाही. म्हणून शेवटच्या टेंडरच्या निदान दीड तास आधी धक्क्यावर या. ऊन असतं, रांग मोठी असते, सासऱ्यांसाठी टोपी आणि पाणी पिशवीत ठेवा. वेळ उरला तर तिथेच जेवा, पण मेन्यूवरचे आकडे केमन डॉलरमध्ये आहेत का ते आधी बघा. एक केमन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर वीस सेंट, आणि दुकानदार बहुतेक त्याहून थोडा जास्तच लावतात.

बोटवाल्याकडून शिडीचा फोटो आला तर इथे टाका, बघून सांगते.