हात थरथरतो म्हणून चहा नको

‘चारचौघांत गेलो की हात थरथरतात, घाम फुटतो, तोंडातून शब्द निघत नाही, हा माझा स्वभाव आहे की आजार, आणि तो बदलतो का?’ हा प्रश्न समुपदेशकाकडे वेगवेगळ्या तोंडांनी सतत येत असतो. विचारणारे बहुधा विशी-तिशीतले असतात, पण खोलात गेल्यावर त्रासाची सुरुवात आठवी-नववीच्या सुमारास झालेली आढळते. या प्रश्नाचे उत्तर मी येथे एका तरुणाच्या अनुभवावरून देणार आहे. त्यांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ सत्तावीस वर्षांचे, सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कारकून. त्यांना घेऊन आई आल्या होत्या आणि तक्रारही त्यांचीच होती : मुलगी पाहायला गेल्यावर हा चहाला हात लावत नाही, वर पाहत नाही, विचारले तेवढेच बोलतो, मग मुलीकडची माणसे म्हणतात की पोरगं शिष्ट दिसतंय. आईंना बाहेर बसायला सांगितल्यावर खरी गोष्ट समजली. कपबशी हातात घेतली की कप बशीवर वाजतो, तो आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो असे त्यांना वाटते, म्हणून ‘मी चहा घेत नाही’ हे वाक्य त्यांनी कॉलेजपासून पाठ करून ठेवले होते. घरी मात्र ते दिवसातून तीन वेळा चहा पीत.

चहा हा त्यातला एक भाग झाला. काउंटरपलीकडे खातेदार उभा असताना पावतीवर सही करण्याची वेळ येऊ नये म्हणून ते सकाळी सर्वांच्या आधी येऊन कोऱ्या पावत्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवत. पतसंस्थेच्या कारभारात ही गोष्ट किती धोक्याची आहे हे त्यांना माहीत होते, तरी चारचौघांसमोर सही करण्यापेक्षा तो धोका त्यांना परवडत होता. लग्नकार्याला जाण्यापूर्वी दोन पेग घेण्याची सवयही वर्षभरात लागली होती. ही वाट फार निसरडी असते, कारण दारूने थरथर तात्पुरती थांबते आणि दुसऱ्या दिवशी दुपटीने परत येते.

हाताचा कंप म्हटला की तो मनाचाच असे धरून चालता येत नाही. थायरॉइडच्या विकारात, दम्याच्या काही औषधांनी किंवा आनुवंशिक कंपविकारातही हात थरथरतात, म्हणून त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवले. तपासण्या ठीक आल्या. शिवाय एकटे असताना त्यांची सही अगदी स्वच्छ येत होती आणि कोणी पाहू लागले की अक्षर मोडत होते. भीती केवळ लोकांच्या नजरेची, ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली, आणि तिच्यामुळे नोकरी, लग्न, नातीगोती अडलेली : एवढे एकत्र आले की त्याला बुजरा स्वभाव न म्हणता सामाजिक चिंताविकार म्हणतात. नुसता बुजरेपणा असलेला माणूस कोपऱ्यात बसून का होईना, लग्नात जेवून येतो.

अशा माणसाला घरचे आणि बाहेरचे सगळे एकच सल्ला देतात : आत्मविश्वास वाढव. मला या सल्ल्याचा उपयोग झालेला फारसा दिसलेला नाही. भीती टिकून राहते ती आत्मविश्वासाच्या अभावाने नव्हे, तर ती लपवण्यासाठी केलेल्या युक्त्यांनी. कप घट्ट धरला की स्नायू ताठतात आणि कंप वाढतो. आपण कसे दिसतो याकडेच लक्ष लागले की समोरचा काय बोलतो ते कानावर पडत नाही, मग उत्तर चुकते आणि ‘बघ, फजिती झाली’ असे मन म्हणते. आणि चहा नाकारला की आजही फजिती टळली ती नाकारल्यामुळेच, असा हिशेब मनात पक्का होतो; चहा घेतला असता तर काय झाले असते हे कळण्याची वेळच येत नाही.

म्हणून आम्ही कपापासूनच सुरुवात केली. माझ्या खोलीत काठोकाठ भरलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले. त्याआधी एका कागदावर त्यांनी आपला अंदाज लिहिला : हात वीतभर हलेल, निम्मा चहा बशीत सांडेल, चेहरा लालबुंद होईल. एकदा त्यांनी नेहमीसारखा कप घट्ट धरून प्यायला. दुसऱ्यांदा बोटे सैल सोडून, कपाकडे न पाहता, पतसंस्थेतल्या ठेवींचे व्याजदर मला समजावून सांगत. नंतर ते चित्रीकरण एखाद्या परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहायला सांगितले. पहिल्या वेळी चहाचे दोन थेंब बशीत पडले होते. दुसऱ्या वेळचा कंप शोधण्यासाठी त्यांना मोबाइल डोळ्यांजवळ न्यावा लागला. ‘मॅडम, आतून तर मला भूकंप वाटत होता,’ ते म्हणाले.

पुढचे काम अवघड होते. सही करताना एखाद्याचा हात थरथरला तर तुमच्या मनात काय येते, असे त्यांनी ओळखीच्या माणसांना सहज म्हणून विचारायचे होते. ‘लक्षच जात नाही’, ‘उपाशी असेल’, ‘साखर कमी झाली असेल’ अशी उत्तरे मिळाली. पण एक सहकारी हसून म्हणाला, ‘रात्री जास्त झाली असेल.’ हे ऐकून ते पुढच्या भेटीला येणारच नव्हते. मला स्वतःला ते उत्तर सर्वांत मोलाचे वाटले. लोक काहीच वाईट म्हणणार नाहीत असे आश्वासन कोणताही समुपदेशक प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. कोणीतरी काहीतरी म्हणणारच. एखाद्याने तसे म्हटलेच तर ते अप्रिय आहे की असह्य, हा फरक विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या या उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस हे तरुणपणी स्त्रियांशी बोलायला घाबरत. त्यांनीच सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, न्यूयॉर्कच्या एका वनस्पतिउद्यानात ते बाकांवर बसलेल्या शंभर अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलले. एकीनेच पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. ही हकिकत ऐकून हे गृहस्थ पहिल्यांदा मोकळे हसले.

त्यानंतर भीतीची पायरी चढत जाण्याचे ठरले : आधी टपरीवर अनोळखी माणसांत चहा, मग कार्यालयात, मग एका खातेदारासमोर सही, मग रांग असताना. प्रत्येक पायरीवर आधी भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे आणि ती उतरेपर्यंत तेथून निघायचे नाही. सह्यांचा गठ्ठा आणि दोन पेग दोन्ही बंद करायचे होते. पेग सुटायला वेळ लागला. काही जणांना अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांकडून औषधे घ्यावी लागतात आणि त्यात कमीपणा नाही. जेथे तज्ज्ञ जवळ नाहीत तेथे केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

सर्वांत जड गेले ते आईंना. कुठेही गेले की मुलाच्या आधी त्याच बोलत : ‘अहो, याला चहा चालत नाही.’ हे थांबवायला सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मी नाही बोलले तर तो सगळ्यांसमोर पडेल उघडा.’ मुलाच्या भीतीला इतकी वर्षे त्या मायेने खतपाणी घालत होत्या हे त्यांच्या पचनी पडायला मुलापेक्षा जास्त भेटी लागल्या.

त्यानंतरच्या एका स्थळाच्या घरी त्यांनी चहा घेतला, थोडा सांडला, आणि लग्न काही जमले नाही; पत्रिका जुळली नाही म्हणे. थरथर पूर्ण गेलेली नाही आणि ती जाईल असे मी त्यांना सांगितलेलेही नाही. पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत मागील इतिवृत्त वाचून दाखवण्याचे काम त्यांनी यंदा स्वतः मागून घेतले आहे. भीतीला त्यांनी ऐंशी गुण दिले आहेत, आणि कागद टेबलावर टेकवून न ठेवता हातात धरूनच वाचायचे ठरवले आहे.