‘इतर उत्पन्न’ आणि ‘इतर सर्वंकष उत्पन्न’

प्रश्न : कंपनीच्या वार्षिक अहवालाचे मराठीकरण करताना ‘अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम’ या शीर्षकासाठी सुटसुटीतपणे ‘इतर उत्पन्न’ लिहावे काय? ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’साठी सर्वसमावेशक, समग्र आणि सर्वंकष यांपैकी कोणता शब्द बरा?

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ‘इतर उत्पन्न’ ही संज्ञा नफा-तोटा पत्रकात आधीच दुसऱ्या कामाला लागलेली आहे. मुख्य व्यवसायाखेरीज मिळालेले व्याज, लाभांश, भाडे अशा रकमा त्या ओळीत येतात. ही ओळ पत्रकाच्या वरच्या भागात असते आणि तिची रक्कम नफ्यात धरलेली असते. प्रश्नातली ओळ मात्र करोत्तर नफ्याचा आकडा लिहून झाल्यावर, त्याच्या खाली येते आणि तिच्यातली रक्कम त्या नफ्यात नसते. दोन्हींना एकच नाव दिले, तर तीच रक्कम दोनदा धरली आहे, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे. हीच गोष्ट ‘एकूण उत्पन्ना’ची. भारतातील कंपन्यांच्या विहित नमुन्यात विक्री आणि इतर उत्पन्न यांच्या बेरजेला ‘एकूण उत्पन्न’ म्हणतात आणि त्यातून अजून खर्चाचा एक पैसाही वजा झालेला नसतो. त्यामुळे पत्रकाच्या शेवटच्या ओळीचे ‘एकूण सर्वंकष उत्पन्न’ हे नाव लांबलचक वाटले, तरी त्यातले मधले विशेषण गाळता येत नाही.

शब्दाची निवड करण्याआधी त्याने काय सांगायचे आहे ते पाहू. अमेरिकेच्या लेखामानक मंडळाने 1980 साली आपल्या संकल्पना-निवेदनात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम’ ही संज्ञा मांडली आणि 1997 साली काढलेल्या 130 क्रमांकाच्या मानकाने ती रक्कम प्रत्यक्ष पत्रकांत दाखवणे आवश्यक केले. आंतरराष्ट्रीय मानकांत ती 2007 साली सुधारलेल्या पहिल्या मानकाने आली. व्याख्येचा गाभा असा : मालकांनी मालक या नात्याने केलेले व्यवहार सोडून, इतर सर्व कारणांनी भागधारकांच्या निधीत वर्षभरात जो बदल झाला, तो म्हणजे सर्वंकष उत्पन्न.

समजा, वर्षाच्या आरंभी भागधारकांचा निधी 1000 लाख होता आणि अखेरीस तो 1255 लाख झाला. या 255 लाखांपैकी 200 लाख नव्या समभागांच्या विक्रीतून आले आणि 30 लाख लाभांशापोटी गेले, म्हणजे 170 लाखांची निव्वळ भर मालकांशी झालेल्या व्यवहारांची. उरलेले 85 लाख हे सर्वंकष उत्पन्न. आता नफा-तोटा पत्रक उघडले, तर करोत्तर नफा 120 लाख दिसतो. मधले 35 लाख गेले कोठे? परदेशी उपकंपनीचे हिशेब आपल्या चलनात रूपांतरित करताना 40 लाखांचा तोटा झाला, निवृत्तिवेतनाच्या दायित्वाच्या फेरमोजणीत 10 लाखांचा झाला आणि दीर्घकाळासाठी धरलेल्या समभागांचे बाजारमूल्य 15 लाखांनी वाढले. या तीन ओळींची बेरीज उणे 35 लाख, आणि तेच ‘इतर सर्वंकष उत्पन्न’. पूर्वी अशा रकमा नफा-तोटा पत्रकाला वळसा घालून थेट राखीव निधीत जात असत आणि ताळेबंदाच्या टिपा चिकाटीने वाचणाऱ्यालाच सापडत.

या उदाहरणावर तीनही पर्याय घासून पाहता येतात. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द आज मुख्यतः कोणालाही न वगळणारे, सर्वांना सामावून घेणारे, या सामाजिक अर्थाने रूढ झाला आहे. इथे तर मालकांचे व्यवहार मुद्दाम वगळलेले आहेत. ‘समग्र’ शब्द सुंदर आहे, पण तो अखंडपणावर भर देतो आणि ‘इतर समग्र उत्पन्न’ म्हणताच कोलमडतो, कारण जे समग्र आहे त्याला आणखी ‘इतर’ कसले? ‘सर्वंकष’ शब्दात ‘कष्’ म्हणजे घासणे हा धातू आहे. मराठीत ‘सर्वंकष विचार’, ‘सर्वंकष आढावा’ म्हणताना कोणतीही बाजू तपासल्यावाचून न सोडणे हा अर्थ आपल्या मनात असतो. निधीतील बदलाची सगळी कारणे धुंडाळणाऱ्या या आकड्याला तो मला सर्वांत जवळचा वाटतो. मात्र ‘इतर’ची अडचण त्यानेही पुरती सुटत नाही, हे मान्य करावे लागेल. म्हणून शीर्षकात ‘इतर सर्वंकष उत्पन्न’ ठेवून, मजकुरात पहिल्या उल्लेखापाशी ‘म्हणजे सर्वंकष उत्पन्नाचा नफा-तोट्याबाहेर नोंदलेला भाग’ एवढा खुलासा जोडावा.

‘उत्पन्न’ऐवजी ‘प्राप्ती’ घ्यावी, असेही कोणी सुचवील, कारण ‘प्राप्तिकर’ हा जुना शब्द आपल्याकडे आहेच. पण प्राप्तीत हाती आल्याचा भाव आहे आणि वरच्या 15 लाखांतला एक रुपयाही कंपनीच्या हाती आलेला नाही. म्हणून काही जण या ओळीला सरळ ‘कागदोपत्री नफा’ म्हणून मोकळे होतात. तेही बरोबर नाही. अल्पकाळात विकण्यासाठी घेतलेल्या समभागांची वर्षअखेरची मूल्यवाढसुद्धा कागदोपत्रीच असते, पण ती थेट नफ्यात धरली जाते. कोणती रक्कम नफ्यात आणि कोणती नफ्याबाहेर, हे ज्या त्या मानकाने ठरवलेले आहे. त्यामागे एकच एक तत्त्व शोधू गेल्यास निराशाच पदरी येते.

आता ‘रिसायकलिंग’बद्दल, म्हणजे इतर सर्वंकष उत्पन्नात नोंदलेली रक्कम पुढे नफा-तोट्यात नेण्याबद्दल, दोन शब्द, कारण त्याचे ‘पुनर्चक्रण’ केलेले पाहून वाचकाला कचऱ्याची आठवण व्हायची. मानकांचा औपचारिक शब्द ‘पुनर्वर्गीकरण’ असा होतो, पण हिशेबनिसांच्या रोजच्या तोंडचा ‘वळते करणे’ हा प्रयोग इथे चपखल बसतो. परदेशी उपकंपनी विकली, की तोवर साठलेला रूपांतराचा फरक नफा-तोट्यात वळता केला जातो. निवृत्तिवेतनाच्या फेरमोजणीची रक्कम आंतरराष्ट्रीय मानकांनुसार कधीच वळती होत नाही, अमेरिकी मानकांनुसार मात्र ती पुढील वर्षांत हळूहळू नफ्यात येते. 2011 च्या दुरुस्तीपासून आंतरराष्ट्रीय मानकांत या ओळींचे दोन गट करावे लागतात. त्यांची शीर्षके ‘पुढे नफा-तोट्यात वळत्या होणाऱ्या बाबी’ आणि ‘वळत्या न होणाऱ्या बाबी’ अशी लिहिली, तर ती बिनटिपेची कळतात.

शेवटी चिन्हाबद्दल. वरच्या उदाहरणात ‘इतर सर्वंकष उत्पन्न’ उणे आहे. ‘उणे उत्पन्न’ मराठी कानाला विचित्र वाटते, म्हणून अनुवादक त्या वर्षापुरते शीर्षक ‘इतर सर्वंकष तोटा’ असे बदलतात. तसे करू नये. शेजारच्या रकान्यात मागील वर्षाचा आकडा असतो आणि तो अधिक चिन्हाचा असू शकतो. शीर्षक तेच ठेवून रक्कम कंसात लिहावी. आणि प्रतिसमभाग मिळकत काढताना या ओळीचा संबंध येत नाही. ती मूळ कंपनीच्या समभागधारकांच्या वाट्याच्या 120 लाखांवरूनच काढतात, 85 लाखांवरून नव्हे. तेव्हा अनुवादात त्या ठिकाणी ‘नफा’ हाच शब्द हवा.