आम्ही शिकागोजवळ राहतो. मुलीला इलिनॉयबाहेर शिकायचे आहे, पण बजेट मर्यादित आहे. परवडणारे कॉलेज कसे शोधावे?

तुमच्या प्रश्नातील माहिती अशी आहे: एका पगारावर चालणारे घर, वार्षिक उत्पन्न सुमारे ८० हजार डॉलर, दोन मुले, थोरली मुलगी अकरावीत, तिला पर्यावरणशास्त्राची ओढ, आणि वर्षाला १८ हजार डॉलरपेक्षा अधिक देणे शक्य नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलासाठी आम्ही याच राज्यातून, जवळपास अशाच परिस्थितीत कॉलेज शोधले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी हा १८ हजारांचा आकडा मुलीला आजच सांगा. वर्षाचे १८ हजार म्हणजे चार वर्षांचे ७२ हजार, आणि त्यामागोमाग धाकट्याचे शिक्षण आहे, हेही तिच्यासमोर मांडा. आपल्या घरांत ‘पैशांचे आम्ही बघू, तू फक्त अभ्यास कर’ असे म्हणण्याची रीत आहे. त्यामागे प्रेमच असते. पण त्यामुळे होते असे की, मूल एखाद्या कॉलेजात मनाने राहायला लागते आणि एप्रिलमध्ये आई-वडिलांना नकार द्यावा लागतो. आकडा आधीपासून ठाऊक असलेली मुले शोधात फार चांगली साथ देतात, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे.

बाहेर पाहण्यापूर्वी इलिनॉयमध्ये तिला काय मिळू शकते, ते पक्के करा, कारण तुलना त्याच्याशीच करायची आहे. अर्बाना-शॅम्पेनच्या राज्य विद्यापीठाची ‘इलिनॉय कमिटमेंट’ योजना ठरावीक मर्यादेच्या आतील उत्पन्न आणि मालमत्ता असलेल्या इथल्या रहिवाशांचे शिक्षणशुल्क भागवते. चालू मर्यादेत तुम्ही बसता का, ते पाहा. गरजू विद्यार्थ्यांसाठीचे राज्याचे ‘मॅप’ अनुदानही फक्त इलिनॉयमधील संस्थांतच वापरता येते. राज्याची वेस ओलांडली की ते गेले, हे हिशेबात धरावे लागते.

आता बाहेरची राज्य विद्यापीठे. ती त्या त्या राज्याच्या करदात्यांच्या पैशावर उभी असल्यामुळे बाहेरच्या विद्यार्थ्याकडून अधिक शुल्क घेतात, आणि त्यातली नामांकित विद्यापीठे तर ही वाढीव रक्कम उत्पन्नाचे साधन म्हणूनच पाहतात. उदाहरणार्थ, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आपले गरजेवर आधारित अनुदान बाहेरच्या राज्यांतील विद्यार्थ्यांना देत नाही. व्हर्जिनियाचे शार्लट्सव्हिल येथील आणि नॉर्थ कॅरोलायनाचे चॅपेल हिल येथील राज्य विद्यापीठ हे ठळक अपवाद आहेत. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांचीही सिद्ध झालेली आर्थिक गरज (एकूण खर्चातून कुटुंबाला झेपेल असा ठरवलेला वाटा वजा जाता उरणारी रक्कम) पूर्ण भागवली जाते, मात्र प्रवेश अतिशय कठीण आहे. तेव्हा केवळ नावामागे धावून यादी करू नका.

तुमच्यासारख्या कुटुंबाला खरी वाट सापडते ती कमी गाजलेल्या ठिकाणी. इलिनॉय हे ‘मिडवेस्ट स्टुडंट एक्स्चेंज’ या व्यवस्थेत सहभागी आहे. त्यातील सरकारी संस्था इतर सदस्य राज्यांच्या विद्यार्थ्यांकडून स्थानिक शिक्षणशुल्काच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाहीत. मात्र कोणती संस्था कोणत्या विषयासाठी सवलत देते हे दरवर्षी बदलू शकते, मोठी विद्यापीठे बहुधा यात नसतात, आणि सवलत केवळ शिक्षणशुल्कावर असते. वसतिगृह, जेवण आणि इतर फी पूर्ण भरावी लागते. विस्कॉन्सिनमधील स्टीव्हन्स पॉइंटचे विद्यापीठ वने, पाणी आणि मृदा यांच्या अभ्यासासाठी नावाजलेले आहे. या सवलतीची चौकशी मी तिथूनच सुरू करीन. काही विद्यापीठांनी तर हा भेदच काढून टाकला आहे. नॉर्थ डकोटातील मायनॉट स्टेट आणि मिशिगनमधील सेंट्रल मिशिगन इथे देशातल्या कोणत्याही राज्याच्या विद्यार्थ्याला एकच दर लागतो. सेंट्रल मिशिगनचे जीवशास्त्रीय संशोधन केंद्र मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर आहे. पर्यावरणशास्त्राची आवड असलेल्या मुलीला असे केंद्र जे शिकवील, ते विद्यापीठांच्या क्रमवारीत दिसत नाही.

मिझुरी विद्यापीठाकडे इलिनॉयची बरीच मुले जातात. त्याचे एक कारण असे की, तिथे सलग बारा महिने राहून आणि त्या राज्यात ठरावीक करपात्र कमाई करून विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षापासून स्थानिक दर मिळवता येतो. बहुतेक राज्ये मात्र आई-वडील कुठे राहतात तेच पाहतात, त्यामुळे ‘एक वर्ष राहिले की स्थानिक’ असे सर्वत्र गृहीत धरू नये. अलाबामासारखी विद्यापीठे शाळेतील गुण आणि एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांच्या आकड्यांनुसार मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा तक्ता उघडपणे प्रसिद्ध करतात. अर्ज करण्यापूर्वीच रक्कम कळणे ही बेताच्या उत्पन्नाच्या घराला फार मोठी सोय आहे.

खासगी कॉलेजांचे छापील दर पाहून ती यादीतून काढून टाकू नका. आयोवातील ग्रिनेल, मिनेसोटातील मॅकॅलेस्टर आणि कार्लटन अशी कॉलेजे प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात, आणि त्यांना तुम्ही कोणत्या राज्यातून आलात याच्याशी कर्तव्य नसते. ८० हजार उत्पन्नाच्या कुटुंबाला असे कॉलेज एखाद्या मोठ्या राज्य विद्यापीठाच्या निम्म्याहून कमी खर्चात पडू शकते. हे अजमावण्यासाठी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे मदत वजा जाता प्रत्यक्ष खर्च किती पडेल याचा अंदाज देणारा गणक, असतो. सरकारी मदत योजनांत सहभागी असलेल्या संस्थांवर तो २०११ पासून बंधनकारक आहे. तुमच्या करविवरणातील खरे आकडे घालून तो भरा. १८ हजारांच्या फार वर उत्तर आले आणि गुणांवरची शिष्यवृत्ती मिळण्यासारखी नसेल, तर ते कॉलेज तिथेच सोडा.

‘फाफ्सा’ हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज साधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो. २०२४-२५ पासून त्याच्या सूत्रात बदल झाला असून, दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली तरी कुटुंबाने भरावयाचा अपेक्षित वाटा आता दोघांत विभागला जात नाही. राहते घर त्यात धरले जात नाही, परंतु पुण्यात किंवा नाशिकमध्ये तुमच्या नावावर फ्लॅट असेल, तर त्याचे निव्वळ मूल्य गुंतवणूक म्हणून दाखवावे लागते. ही नोंद आपल्या लोकांकडून अनेकदा राहून जाते. काही खासगी कॉलेजे ‘सीएसएस प्रोफाइल’ हा आर्थिक माहितीचा वेगळा अर्जही मागतात, आणि त्यात राहत्या घराचाही विचार होऊ शकतो. मुलगी एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही. मग शिष्यवृत्तीचे तक्ते आणि खासगी कॉलेजांचे परदेशी नागरिकांसाठीचे नियम यांवरच भर द्यावा लागेल.

मार्च-एप्रिलमध्ये येणारी मदतीची पत्रे अतिशय काळजीपूर्वक वाचा. उदाहरणादाखल एक पत्र घेऊ. एकूण खर्च ४६ हजार. त्याखाली शिष्यवृत्ती व अनुदान २४ हजार, विद्यार्थ्याचे सरकारी कर्ज ५,५००, वर्क-स्टडी २,५०० आणि पालकांचे ‘प्लस’ कर्ज १४ हजार. शेवटच्या ओळीत ‘तुमची उर्वरित रक्कम: शून्य’. यातली खरी मदत फक्त २४ हजारांची आहे. कर्ज फेडायचे असते, आणि वर्क-स्टडीचे पैसे काम केल्यावर पगार म्हणून मिळतात, बिलातून वजा होत नाहीत. म्हणजे या कॉलेजचा वर्षाचा खर्च २२ हजार आहे. विद्यार्थ्याच्या नावावरचे सरकारी कर्ज चार वर्षांत २७ हजारांपर्यंत जाते, आणि माझ्या मते तेवढी मर्यादा मुलीसाठी सहन करण्याजोगी आहे. पालकांच्या नावावरचे ‘प्लस’ कर्ज मात्र तुमच्या परिस्थितीत मी घेऊ नका असेच सांगेन.

शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, तो एका सत्रात घसरला तर सुधारण्याची संधी मिळते का, आणि दरवर्षी शुल्क वाढले तरी रक्कम तीच राहते का, हे लेखी विचारा. थँक्सगिव्हिंग आणि हिवाळ्याच्या सुट्टीतील प्रवास, त्या काळात वसतिगृह बंद राहत असल्यास राहण्याची सोय, आणि तुमचा आरोग्यविमा त्या राज्यात चालतो का, हेही त्याच कागदावर मांडा. विमा चालत नसेल, तर कॉलेजचा विमा घ्यावा लागतो आणि तो खर्च लहान नसतो.

आवडते कॉलेज दोन-चार हजारांनी हाताबाहेर जात असेल, तर प्रवेश निश्चित करण्याच्या १ मेच्या मुदतीपूर्वी त्यांच्या आर्थिक मदत कार्यालयाला नम्र पत्र लिहा. भारतातील आई-वडिलांच्या औषधोपचारासाठी तुम्ही दरमहा पैसे पाठवत असाल किंवा गेल्या वर्षी नोकरीत खंड पडला असेल, तर ‘फाफ्सा’च्या आकड्यांत ते पुरेसे उमटत नाही. बँकेची विवरणे आणि रुग्णालयाची बिले जोडून फेरविचाराची विनंती करता येते, आणि तसा अधिकार त्या कार्यालयाला कायद्याने दिलेला आहे. दुसऱ्या, तोडीच्या कॉलेजने अधिक अनुदान दिले असेल, तर त्या पत्राची प्रतही सोबत जोडा.